इंजिनाचा दिवा नेमकं काय सांगतो

१९९७ ते २००३ या काळातला फोर्ड एफ-१५० हा पिकअप ट्रक अमेरिकेच्या रस्त्यांवर आजही दिसतो. सुतार, प्लंबर, शेतकरी, बागकाम करणारे अशा लोकांची ही रोजची गाडी. मागच्या हौद्यात सामान टाकायचं आणि कामाला निघायचं. गाडी व्यवस्थित चालत असते, ओढ कमी झालेली नसते, पेट्रोल जास्त लागत नसतं. आणि तरी एक दिवस स्पीडोमीटरजवळ इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. कोड वाचणारं छोटं यंत्र जोडलं की पडद्यावर येतं : पी०४०१. त्याचा अर्थही तिथेच लिहिलेला असतो, ईजीआरचा प्रवाह अपुरा. मालक दुकानातून नवा ईजीआर व्हॉल्व्ह आणतो, बसवतो, कोड पुसतो. थोड्या दिवसांत दिवा पुन्हा लागतो.

व्हॉल्व्ह चांगलाच होता. कोडने तो खराब आहे असं म्हटलंही नव्हतं. गाडीचा संगणक चालता चालता स्वतःवर काही ठरावीक चाचण्या घेत असतो आणि त्यातली एखादी नापास झाली की तिचा क्रमांक लिहून ठेवतो. तो क्रमांक म्हणजे कोड. चाचणी का नापास झाली, हे शोधायचं काम माणसाचं. एवढी एक गोष्ट पक्की समजली, तर जुन्या गाडीवर उगाच होणारा निम्मा खर्च वाचेल असं मला वाटतं.

या चाचण्या आल्या कुठून, हे थोडक्यात बघू. १९४३ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिस शहरावर असा धूसर, डोळे झोंबवणारा थर आला की युद्धाच्या त्या दिवसांत काहींना तो शत्रूचा वायुहल्ला वाटला. पुढची काही वर्षं कारखान्यांना दोष देण्यात गेली. कॅल्टेकमध्ये अननसाच्या स्वादाचं रसायन अभ्यासणारे एरी हागेन-स्मिट या प्रश्नाकडे वळले आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं की गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारी हायड्रोकार्बनची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं सूर्यप्रकाशात एकत्र आली की ओझोन तयार होतो. रबराच्या पट्ट्या ताणून हवेत ठेवायच्या आणि त्यांना किती लवकर भेगा पडतात यावरून ओझोन मोजायचा, ही त्या काळची एक पद्धत. आज जुना ट्रक तपासताना आपण सगळ्यात आधी शोधतो त्याही रबरी नळ्यांच्या भेगाच. उष्णता, तेल आणि ओझोन तिन्ही मिळून त्या पाडतात.

१९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचं एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन झालं आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० मध्ये अमेरिकेचा स्वच्छ हवा कायदा कडक झाला, १९७५ च्या मॉडेलांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास आले. पण नवी गाडी स्वच्छ असून भागत नाही; दहा वर्षांनीही ती स्वच्छ आहे का, हे कोण बघणार? मालकाला कळत नाही, कारण बिघडलेली उत्सर्जन यंत्रणा बहुतेक वेळा गाडी चालवताना जाणवतच नाही. म्हणून पहारा गाडीलाच द्यायचं ठरलं. कॅलिफोर्नियात १९८८ च्या मॉडेलांपासून त्याची साधी आवृत्ती आली आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला आणि हलक्या ट्रकला ओबीडी-२ सक्तीचं झालं. डॅशबोर्डखाली, चालकाच्या गुडघ्यांजवळ असणारा सोळा पिनांचा सॉकेट तेव्हापासून सगळ्या कंपन्यांचा एकसारखा आहे. दिवा कधी लावायचा याची कसोटीही उत्सर्जनाचीच आहे : ज्या बिघाडाने प्रदूषण ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपटीच्या वर जाईल, तो बिघाड संगणकाने पकडला पाहिजे. गाडी मजेत पळत असताना दिवा का लागतो, याचं उत्तर इथे आहे.

कोडची रचना साधी आहे. पी म्हणजे पॉवरट्रेन, इंजिन आणि गिअरबॉक्स. त्यानंतर शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांत समान. एक असेल तर कंपनीचा स्वतःचा. तिसरी खूण विभागाची : एक आणि दोन इंधन-हवेचे, तीन ठिणगी आणि मिसफायरचे, चार उत्सर्जनाच्या जोडयंत्रणांचे. मिसफायर म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण न जळताच बाहेर जाणं. पी०४२०, पी०४४२, पी०४५५ हे सगळे आपल्या पी०४०१ चेच शेजारी.

बहुतेक चाचण्यांत एकदा नापास झाल्यावर दिवा लागत नाही. संगणक तो कोड प्रलंबित म्हणून ठेवतो आणि पुढच्या फेरीतही, म्हणजे गाडी पुन्हा सुरू करून चालवल्यावरही, तीच चाचणी नापास झाली तरच दिवा लावतो. एक अपवाद कायम लक्षात ठेवावा. दिवा स्थिर न राहता लुकलुकायला लागला, तर इंजिनात जोरदार मिसफायर चालू आहे आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आहे. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढावा, गाडी सावकाश बाजूला घ्यावी. स्थिर दिव्याला आठवडाभर वेळ देता येतो, लुकलुकणाऱ्याला देऊ नये.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय : कोड वाचला की लगेच पुसू नका. कोडबरोबर संगणक त्या क्षणाची नोंद साठवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. इंजिनाचे फेरे किती होते, वेग किती, पाण्याचं तापमान किती, इंजिनावर भार किती, पेट्रोल कमी-जास्त करण्याची संगणकाची दुरुस्ती किती टक्के चालली होती, हे सगळं तिच्यात असतं. कोड पुसला की ही नोंदही जाते. आधी तिचा फोटो काढा. गाडी थंड असताना बिघाड आला की हायवेवर ताशी ६० मैलांनी जाताना, यावरून अर्धा शोध मिटतो.

पुन्हा आपल्या पी०४०१ कडे येऊ. ईजीआर म्हणजे जळून बाहेर निघालेल्या वायूतला थोडा भाग परत इंजिनात सोडणं. या वायूत जळण्यासारखं काही उरलेलं नसतं, त्यामुळे तो सिलिंडरमधली उष्णता शोषून घेतो आणि ज्वाळेचं शिखर तापमान खाली आणतो. नायट्रोजनची ऑक्साइडं अतिउच्च तापमानातच मोठ्या प्रमाणात तयार होतात. तापमान उतरलं की ती घटतात. इंजिन नुसतं चालू ठेवलेलं असताना किंवा पूर्ण रेस दिलेली असताना ईजीआर बंद असतो. एका लयीत, मध्यम वेगाने गाडी जात असताना तो उघडतो, आणि चाचणीही तेव्हाच होते.

फोर्डने त्या काळात प्रवाह मोजायला जी युक्ती वापरली ती हुशारीची होती. एक्झॉस्टकडून ईजीआर व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या धातूच्या नळीत आत एक अरुंद छिद्र ठेवलेलं असतं. छिद्राच्या अलीकडून आणि पलीकडून बोटभर जाडीच्याही नसलेल्या दोन नळ्या निघतात आणि एका सेन्सरला जातात. व्हॉल्व्ह बंद असताना दोन्हीकडचा दाब सारखा. व्हॉल्व्ह उघडला की वायू वाहतो, छिद्राच्या दोन बाजूंत दाबाचा फरक पडतो, आणि त्या फरकाइतकं सेन्सरचं व्होल्टेज चढतं. या सेन्सरला डीपीएफई म्हणतात. संगणकाला व्हॉल्व्ह दिसत नाही, वायू दिसत नाही. त्याला फक्त एका तारेवरचं व्होल्टेज दिसतं. ते चढलं नाही की तो लिहितो : प्रवाह अपुरा.

म्हणजे पी०४०१ मागे किमान पाच वेगळ्या गोष्टी असू शकतात. सेन्सर मेलेला असेल. त्याच्या दोन नळ्यांपैकी एखादी जळलेली, निसटलेली किंवा तुंबलेली असेल. व्हॉल्व्ह अडकला असेल किंवा त्याचा पडदा फाटला असेल. व्हॉल्व्हला व्हॅक्यूम पोचवणारी विजेवरची झडप, म्हणजे सोलेनॉइड, किंवा तिची नळी गेली असेल. किंवा वायू इंजिनात शिरतो ती वाट काजळीने बुजली असेल. यातली एकच गोष्ट खरी असते. ती कोणती, हे कळायला पार्ट बदलावे लागत नाहीत.

आधी नुसते डोळे वापरा. इंजिन गार असताना बॉनेट उघडून सेन्सरच्या दोन्ही नळ्या बोटांनी चाचपा. गरम वायूमुळे त्या कडक होतात, तडकतात, कधी आतून वितळून चिकटतात. बदलायच्या असतील तर उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनच्याच घ्याव्यात. साधी व्हॅक्यूमची नळी तिथे टिकत नाही.

मग किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका, आणि स्कॅनरवर डीपीएफईचं व्होल्टेज बघा. प्लास्टिकच्या आवरणाच्या सेन्सरला ते साधारण १ व्होल्ट हवं. जुन्या धातूच्या आवरणाच्या सेन्सरला साधारण अर्धा व्होल्ट. एक्झॉस्टमधल्या ओलाव्याने गंजून मरण्यासाठी धातूचे सेन्सर विशेष प्रसिद्ध होते. आकडा फारच वेगळा आला तर सेन्सर किंवा त्याची तार संशयित. आता इंजिन सुरू करा. नुसतं चालू असताना व्होल्टेज तेवढंच राहिलं पाहिजे. वाढलं, तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही.

यानंतरची चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण ती हाताने होते आणि तिचं उत्तर कानाला ऐकू येतं. गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, गॅरेजचं दार सताड उघडं. बंद जागेत इंजिन चालवणं जिवावर बेतू शकतं. व्हॉल्व्हच्या डोक्यावरची व्हॅक्यूमची नळी काढून तिथे हाताने चालवायचा छोटा व्हॅक्यूम पंप लावा आणि हळूहळू ओढा. व्हॉल्व्ह उघडला की नुसत्या चालू इंजिनात जळका वायू शिरतो आणि इंजिन अडखळायला लागतं, कधी बंदच पडतं. त्याच वेळी नजर स्कॅनरवर ठेवा.

इंजिन अडखळलं आणि व्होल्टेजही चढलं, तर व्हॉल्व्ह, वाट, नळ्या आणि सेन्सर सगळेच काम करत आहेत. दोष व्हॅक्यूमच्या पुरवठ्यात किंवा सोलेनॉइडमध्ये शोधायचा. इंजिन अडखळलं पण व्होल्टेज जागचं हललं नाही, तर वायू वाहतो आहे आणि सेन्सरला ते कळत नाही : सेन्सर किंवा त्याच्या नळ्या. जुन्या एफ-१५० मध्ये बहुतेक वेळा हेच निघतं. इंजिनावर काहीच परिणाम झाला नाही, तर व्हॉल्व्ह उघडला नाही किंवा पुढची वाट बुजली. पंपाची सुई धरून न राहता लगेच खाली आली तर पडदा फाटला. सुई टिकली, तर व्हॉल्व्ह काढून थ्रॉटल बॉडीच्या मागची भोकं बघा. तिथे काळी, दगडासारखी काजळी साचलेली सापडते आणि ती खरवडून काढली की काम होतं. नवा पार्ट न आणता मिटणारा दोष असतो तो असा.

पंप आणि स्कॅनर दोन्ही मिळून एका नव्या व्हॉल्व्हपेक्षा महाग पडत नाहीत. तरी लोक व्हॉल्व्हच आधी विकत घेतात, कारण पडद्यावर ईजीआर हा शब्द दिसलेला असतो.

पी०१७१ आणि पी०१७४ हे जोडकोडही या ट्रकचे नेहमीचे. अर्थ : इंजिनाच्या दोन बाजूंना मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. पेट्रोल इंजिनाला वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. ऑक्सिजन सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसला की संगणक पेट्रोल वाढवत जातो, आणि ही दुरुस्ती हाताबाहेर गेली की कोड लिहितो. इथे लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, म्हणजे तक्रार आणणाऱ्यालाच घालवतात. दोन्ही बाजूंना एकदम पेट्रोल कमी पडत असेल तर कारण दोघींना सामायिक असणार.

ते ओळखायचं आकड्यांवरून. स्कॅनरवर पेट्रोलची दुरुस्ती टक्क्यांत दिसते. इंजिन नुसतं चालू असताना ती २० टक्क्यांच्या आसपास आणि २५०० फेऱ्यांवर रेस धरल्यावर जवळजवळ शून्यावर येत असेल, तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरते आहे. भोक तेवढंच राहतं, पण इंजिन जास्त हवा ओढायला लागलं की त्या चोरट्या हवेचा वाटा घटतो. चार माणसांच्या आमटीत तांब्याभर पाणी जास्त पडलं तर चव जाते, लग्नाच्या पातेल्यात तेवढंच पाणी कळतही नाही. ५.४ लिटरच्या इंजिनात मागच्या बाजूला, हात जेमतेम पोचेल अशा जागी पीसीव्हीच्या, म्हणजे क्रँककेसमधले वायू परत इंजिनात ओढणाऱ्या, नळीचा रबरी कोपरा असतो. तेलाने तो मऊ पडतो आणि खालच्या बाजूने, न दिसणारा, फाटतो. याउलट दुरुस्ती चढावर, भार आल्यावर वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतं आहे : चॅसीच्या कडेला बसवलेला इंधन फिल्टर तुंबला, पंप थकला, किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर धूळ बसून तो कमी मोजतो. कोड एकच, आणि दोन आकडे बघितले की वाटा वेगळ्या.

टाकीतल्या वाफेचे कोड लोकांना सगळ्यात जास्त छळतात. पेट्रोलची वाफ हवेत न सोडता कोळशाच्या डब्यात धरायची आणि नंतर इंजिनात जाळायची, अशी ही व्यवस्था. संगणक पूर्ण व्यवस्था बंद करून तिच्यात दाब किंवा व्हॅक्यूम धरून बघतो. १९९६ च्या नियमांत साधारण १ मिलिमीटरचं भोक सापडलं पाहिजे अशी अट होती. २००० पासून ती हळूहळू अर्ध्या मिलिमीटरवर आली. पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ छोटी, पी०४५६ अगदी छोटी. सुरुवात टाकीच्या झाकणापासून करावी : कडेचं रबर पुसून, चिरा बघून, टिकटिक वाजेपर्यंत घट्ट लावावं. दिवा मात्र तेवढ्याने लगेच जात नाही. ओळीने तीन फेऱ्यांत चाचणी पास झाली की तो विझतो. आणि ही चाचणी टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी असताना होतच नाही.

शेव्हरोले सिल्व्हराडोच्या १९९९ नंतरच्या पिढीत पी०४४६ वारंवार येतो, आणि त्याचं कारण यंत्रापेक्षा रस्त्यात असतं. वाफेच्या डब्याला हवा देणारी सोलेनॉइड झडप मागे, स्टेपनीच्या आसपास बसवलेली. मातीच्या रस्त्यावर, शेतावर फिरणाऱ्या ट्रकमध्ये तिथे धूळ शिरते आणि झडप अडकते. नुसती बदलली तर वर्षभराने तेच. तिचं हवा घेणारं तोंड उंच, स्वच्छ जागी नेलं तर प्रश्न सुटतो.

पी०४२० बद्दल मात्र मी कळकळीने सांगेन : कन्व्हर्टर सगळ्यात शेवटी बदला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून तो या यंत्रणेतला सगळ्यात महाग भाग. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली होतं. कन्व्हर्टर चांगला असेल तर मागच्याचं जवळजवळ स्थिर राहतं. मागचा पुढच्याची नक्कल करू लागला की कोड येतो. पण सायलेन्सरच्या जोडात गळती असली तरी मागचा सेन्सर फसतो. आणि कन्व्हर्टर खरंच मेला असेल, तरी तो आपण होऊन सहसा मरत नाही. मिसफायर, सिलिंडरमध्ये जळणारं तेल, आत शिरणारं कूलंट यांपैकी कोणीतरी त्याला मारलेलं असतं. ते तसंच ठेवून नवा बसवला तर तोही जाईल. अमेरिकेच्या कायद्याने त्या काळच्या गाड्यांत कन्व्हर्टर आणि इंजिनाच्या संगणकाला ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची हमी होती. जुन्या ट्रकची ती केव्हाच संपली, म्हणून खर्च मालकाच्याच खिशातून.

स्मॉग चेकच्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सक्तीच्या प्रदूषण तपासणीच्या, आदल्या दिवशी कोड पुसून जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कोड पुसला की संगणकाच्या चाचण्यांची पाटीही कोरी होते, आणि तपासणी केंद्रावरचं यंत्र आधी हेच विचारतं की चाचण्या पूर्ण झाल्या आहेत का. कॅलिफोर्नियात १९९६ ते १९९९ च्या पेट्रोल गाड्यांना एकच चाचणी अपुरी चालते. २००० नंतरच्यांना फक्त वाफेची. त्या पूर्ण व्हायला गार इंजिनापासून सुरुवात, शहरातली ये-जा आणि हायवेवरची एकसारखी चाल असं काही दिवसांचं साधं ड्रायव्हिंग लागतं.

भारतात हा पहारा उशिरा आला. बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडीची पहिली पायरी आणि एप्रिल २०१३ पासून दुसरी सक्तीची झाली. पुण्याच्या एआरएआयमध्ये नव्या मॉडेलांच्या उत्सर्जनाच्या चाचण्या होतात. रस्त्यावर आलेल्या गाडीची पीयूसी मात्र सायलेन्सरपाशी घेतली जाते. त्यामुळे डॅशबोर्डवरचा दिवा लागलेला असूनही पीयूसी हातात पडते आणि मालक निर्धास्त होतो. तो दिवा टेप लावून झाकू नये. नव्या डिझेल पिकअपमध्येही ईजीआर आहे, काजळी तर डिझेलमध्ये जास्तच, आणि पी०४०१ चा अर्थ नाशिकच्या गॅरेजमध्ये तोच आहे जो कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या गॅरेजमध्ये.

गाडी मिस्त्रीकडे देताना कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो सोबत न्या. कोणता पार्ट बदलणार हे विचारण्याआधी विचारा : तो खराब आहे हे कोणत्या चाचणीवरून ठरवलं? चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. तो तुम्हाला बॉनेटपाशी बोलावून दाखवतो.